सव्हाना आणि आसपास : तुमच्या लक्षात काय राहिलं?

अटलांटाला राहायला येऊन सहा वर्षं झाली, तेवढ्यात सव्हानाच्या, म्हणजे याच जॉर्जिया राज्यातल्या जुन्या बंदराच्या गावाच्या, चार खेपा झाल्या. गाडीने चारेक तासांची वाट. भारतातून आलेलं कुणीतरी सोबत असतंच, आणि "अर्ध्या दिवसात होईल का बघून?" हेही ठरलेलं. नाही होत! १७३३ साली जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक ओगलथॉर्प याने नदीकाठच्या उंचवट्यावर हे गाव चौकाचौकांनी आखलं. चौक म्हणजे इथे रस्ते मिळतात ती जागा नव्हे, घरांच्या मधली छोटी बाग. २४ पैकी २२ चौक अजून आहेत. एका चौकात बाकावर टेकलं की समोर पुढच्या चौकाची झाडं दिसतात आणि पाय तिकडे वळतात. म्हणून गाडी एकदाच लावा आणि चाला. तुम्ही गेला असाल तर लिहा, हॉटेलं सोडून बाकी सगळं.

*

आम्ही मार्चमध्ये आईबाबांना घेऊन गेलो. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ आईला फार आवडलं. त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हेच, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. हे ऐकल्यावर तिने खाली पडलेला एक झुबका उचलून कितीतरी वेळ बोटांनी उलगडून पाहिला.

एक सांगते, वयस्क माणसं असतील तर वरच्या बे स्ट्रीटवरून नदीलगतच्या रिव्हर स्ट्रीटला उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या टाळा. उंच आणि ओबडधोबड आहेत, बाबांचा पाय मुरगळला. सिटी हॉलजवळ लिफ्ट आहे. खालच्या रस्त्याचे दगडही बोटीतून आलेले. येताना बोट हलकी असली की डुलू नये म्हणून तळाशी दगड भरायचे, ते इथे टाकून कापूस भरून न्यायचे.

*

वर कापसाचा उल्लेख आलाय म्हणून लिहितो, कारण तो कापूस गुलामांच्या कष्टाचा. फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च चुकवू नका. ही इमारत १८५९ ची, गुलामगिरीत असलेल्या माणसांनी दिवसभराची कामं आटोपून रात्री बांधलेली. तळघरातल्या लाकडी जमिनीला भोकं पाडलेली आहेत, ठरावीक नक्षीत. पळून आलेली माणसं त्या फळ्यांखाली लपत आणि श्वासासाठी ही भोकं होती, असं तिथे सांगतात. मी गुडघ्यावर बसून एका भोकावर तळहात ठेवला. बराच वेळ उठवेना.

त्याच १८५९ च्या मार्चमध्ये गावाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर चारशेहून जास्त माणसांचा लिलाव झाला. दोन दिवस. 'वीपिंग टाइम', म्हणजे रडण्याची वेळ, म्हणतात त्याला. गावातली सुंदर घरं बघताना हे डोक्यात असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. एका चौकाचं नाव २०२३ मध्ये बदलून सूझी किंग टेलर यांचं दिलंय. त्या गुलामगिरीत जन्मल्या, याच गावात चोरून लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या. मुलीला तिथे नेऊन हे सांगितलं.

*

गडकिल्ल्यांचं वेड असणाऱ्यांनी टायबी बेटाच्या वाटेवरचा फोर्ट पुलास्की पाहावा. खंदक, विटांच्या साडेसात फूट जाड भिंती. अभेद्य समजला जायचा. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, उत्तरेच्या सैन्याने टायबीवरून, मैलभराहून जास्त अंतरावरून, आटे पाडलेल्या नळीच्या नव्या तोफांनी त्याला भगदाड पाडलं आणि तीसेक तासांत किल्ला पडला. भिंतीत रुतलेले गोळे अजून दिसतात. राजगडावर वाढलेला माणूस मी, तिथून हलेना.

*

वर्म्सलो! सव्हानाजवळची जुनी जमीनदारी इस्टेट. आत जाणाऱ्या वाटेच्या दुतर्फा ओकची झाडं, दीड मैल. फोटो सगळेच काढतात, पण त्याच वाटेने पुढे जा. १७४० च्या सुमाराच्या घराच्या पडक्या भिंती आहेत, 'टॅबी'च्या. कालवांच्या शिंपा भाजून केलेला चुना, वाळू, पाणी आणि वर अख्ख्या शिंपा. मी मालवणची. आमच्याकडे शिंपल्यांचा चुना आजोबांच्या घराला लावलेला. भिंतीत अर्धी उघडी पडलेली शिंप दिसली आणि घर आठवलं.

वसंतात चिलटं फार चावतात, लांब बाह्यांचे कपडे घाला.

*

मी रत्नागिरीचा, मालवाहू जहाजावर असतो. तुम्ही सगळ्यांनी गाव काठावरून पाहिलंत, मी आधी पाण्यातून पाहिलं. बंदर गावाच्या वरच्या अंगाला असल्याने जहाज रिव्हर स्ट्रीटला अगदी खेटून जातं, डेकवरून लोकांच्या हातातलं आइस्क्रीम दिसतं. उजाडताना आत शिरलो तेव्हा पायलटने (नदीतून जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार) काठावरचा पुतळा दाखवला : फ्लॉरेन्स मार्टस, हातात फडकं, शेजारी कुत्रा. नदीतल्या एका बेटावर भावाबरोबर राहायची. ४४ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना दिवसा रुमाल आणि रात्री कंदील हलवून दाखवायची.

पुढल्या खेपेला तीन तास सुट्टी मिळाली. चौक, चर्च काहीच पाहिलं नाही. सरळ त्या पुतळ्यापाशी जाऊन बसलो. एक मोठं कंटेनर जहाज आलं, डेकवर दोघं-तिघं उभे होते. मी खिशातला रुमाल काढून हलवला. एकाने हेल्मेट काढून उंच धरलं, ते पुलाखालून जाईपर्यंत.