25 डिसेंबरला लंडनमध्ये बस धावायला हवी की नको?

रातपाळी
लंडनबाहेरच्या मंडळींसाठी आधी परिस्थिती सांगते. 25 डिसेंबरला लंडनमध्ये ट्यूब (म्हणजे इथली भुयारी रेल्वे) बंद, बस बंद, ट्राम बंद, रेल्वेही बंद. फेऱ्या कमी असतात असं नाही, एकही नसते. 24 च्या रात्री सगळं गॅरेजात जातं ते 26 लाच बाहेर येतं. रेल्वेचं तर 26 लाही बऱ्याच मार्गांवर काही खरं नसतं.

रुग्णालय मात्र चालू असतं. मी मिरजेत नर्सिंग केलं, अकरा वर्षं लंडनमध्ये आहे. यंदाही 24 ची रात्रपाळी माझ्या वाट्याला आली आहे, म्हणून हा धागा.

गेल्या नाताळच्या सकाळी सव्वाआठला पाळी सुटली. लंडनमध्ये या दिवसांत सूर्यच आठ वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे नुसतं फटफटत होतं. अ‍ॅपवर टॅक्सीचा भाव पाहिला, 44 पौंड. माझ्याबरोबर आमच्या वॉर्डातल्या सफाईच्या बाई होत्या, मूळच्या घानाच्या, वय साठीच्या आसपास. एरवी आम्ही दोघी मार्बल आर्चहून 98 नंबरची बस धरतो. त्या दिवशी चालत निघालो. एजवेअर रोड, मग मेडा व्हेल, मग किलबर्न हाय रोड. बाईंच्या पायात वॉर्डातलेच पातळ तळाचे बूट होते. प्रत्येक बसथांब्याशी त्या दोन मिनिटं टेकायच्या आणि पुढच्या थांब्याचं नाव मला सांगायच्या. सगळे थांबे पाठ! विल्सडनला माझं घर आलं तेव्हा त्यांना हार्लस्डेनपर्यंत आणखी दीड मैल जायचं होतं. चहाला वर चला म्हटलं, तर म्हणाल्या, आता बसले तर उठायची नाही.

इथलं 2025 चं किमान वेतन तासाला 12.21 पौंड होतं. म्हणजे 44 पौंडांची टॅक्सी म्हणजे साडेतीन तासांहून जास्त काम. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना या बंदचा पत्ताही लागत नाही. डॉक्टर गाडीने येतात. झळ बसते ती सफाईवाल्यांना, वृद्धांची देखभाल करणाऱ्या बायकांना, स्वयंपाकघरातल्या पोरांना. माझं म्हणणं आहे की गाड्या धावल्या पाहिजेत. तुमचं मत सांगा, विरोधी असलं तरी सांगा.

हॅरोकर
वर्षातून एक दिवस शहर थांबतं, त्याचा मला आनंद वाटतो. त्या दिवशी रस्त्यावर जी शांतता असते ती इतर कुठल्याच दिवशी मिळत नाही. रुग्णालयाने आपल्या माणसांची ने-आण करावी, त्यासाठी अख्ख्या शहराची वाहतूक कशाला?

बर्लिनवारी
बर्लिनमध्ये 25 ला भुयारी रेल्वे आणि बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात. पॅरिसची मेट्रो धावते, न्यूयॉर्कची धावते. मेलबर्नमध्ये तर नाताळच्या दिवशी प्रवास फुकट असतो. हे सगळे देश नाताळ मनापासून साजरा करतात. म्हणजे सण आणि गाडी यांचं वैर नाही. शिवाय पूर्ण बंद हा काही इंग्लंडचाही पूर्वापार रिवाज नव्हे. 1960 च्या दशकातसुद्धा तिथे नाताळच्या दिवशी रेल्वेगाड्या धावत होत्या, लोक त्यातूनच घरी जेवायला जायचे. स्कॉटलंडमध्ये तर 1958 पर्यंत नाताळची सार्वजनिक सुट्टीही नव्हती.

रुळावरून
मी इथे रेल्वेच्या रुळांच्या कामात आहे. गाड्या धावल्या पाहिजेत असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते, म्हणून लिहितो. गाड्या बंद म्हणजे रेल्वे बंद असं नसतं. 24 च्या रात्री शेवटची गाडी गेली की आम्ही रुळावर उतरतो. जंक्शनचे सांधे बदलणं, पूल सरकवणं, सिग्नलची नवी यंत्रणा जोडणं, ही कामं रात्रीच्या चार तासांत होत नाहीत. सलग दोन-तीन दिवस लागतात. मुंबईकरांना हे पटेल. 2024 च्या मे अखेरीस ठाण्याला फलाट रुंद करायला 63 तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा लोकांचे किती हाल झाले! इथे तेच काम आम्ही अशा दिवशी करतो ज्या दिवशी सगळ्यात कमी लोकांना कामावर जायचं असतं.

आणि यातही चुकतं. 2014 ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळचं काम वेळेत संपलं नाही. 27 डिसेंबरला उत्तरेकडच्या गाड्या फिन्सबरी पार्कहून सोडल्या, तिथे इतकी गर्दी झाली की स्टेशनचं दार बंद करावं लागलं. कामाचे तास आणखी कमी केलेत तर असे प्रसंग वाढतील. नाताळला रेल्वे बंदच राहावी, या मतावर मी ठाम आहे.

रातपाळी
रुळावरून, तुमचं म्हणणं पटलं. धाग्यात मी सरसकट 'गाड्या' लिहिलं, ते मागे घेते. रेल्वे आणि ट्यूब सोडून देऊ. पण बसला रूळ नाहीत. डांबरी रस्ता 25 ला तसाच असतो. नॅशनल एक्सप्रेसच्या लांब पल्ल्याच्या बस 25 लाही सुटतात. म्हणजे विमानतळाला जाणाऱ्यासाठी बस आहे, मला विल्सडनला जायला नाही.

हॅरोकर, रुग्णालयाने ने-आण करावी म्हणता. आमच्या सफाईच्या बाई रुग्णालयाच्या नोकरीत नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. त्यांची जबाबदारी कोण घेणार?

गॅरेजवाला
ताई, तुमचं चालणं वाचून वाईट वाटलं. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. मी लंडनमध्ये नऊ वर्षं बस चालवतो.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, विटा डेपोला. दिवाळीला जादा गाड्या सुटतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्या जादा गाड्या चालवतं कोण, हे आमच्या घराला माहीत होतं. आमच्याकडे भाऊबीज पाटावर बसून कधी झालीच नाही. आत्या सकाळी सातला ताट घेऊन डेपोच्या गेटवर यायची. वडील खाली उतरायचे, टोपी काढून टिळा लावून घ्यायचे, दोन करंज्या खाकी शर्टाच्या खिशात घालायचे आणि परत स्टेअरिंगवर. ताटातलं निरांजन वाऱ्याने विझायचं म्हणून मी हाताचा आडोसा करून उभा राहायचो. लोकांना घरी पोचवणारा माणूस स्वतः घरी नसायचा.

आता इथलं सांगतो. मी हिंदू, नाताळ माझा सण नाही. 'तुम्ही साजरा करत नाही तर तुम्ही चालवा' असं मला गॅरेजात दोनदा ऐकवून झालंय. पण माझी बायको मोठ्या सुपरमार्केटात आहे. इथे 280 चौरस मीटरहून मोठी दुकानं 25 डिसेंबरला उघडायला 2004 च्या कायद्याने बंदी आहे. तिला सुट्टी, पोरांना सुट्टी, मला सुट्टी. बाकी वर्षभर तिची पाळी आणि माझी पाळी यांचा मेळ बसत नाही. दिवाळीलाही नाही. चौघांनी एका टेबलाशी बसून जेवायचा हा एकच दिवस आहे माझ्याकडे.

पुरणपोळी_प्रेमी
+1. डोळ्यांत पाणी आलं आत्याचं वाचून.

नगरी_लंडनकर
मी नगरचा, ख्रिस्ती. इथे अजून एका बाजूचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. लहानपणी नाताळच्या सकाळी आमच्या चर्चला राहुरी, नेवासा, शेवगावकडून माणसं यायची, पोरंबाळं घेऊन. सगळी एसटीने. ती एसटी नसती तर निम्मं चर्च रिकामं राहिलं असतं. पहिली एसटी 1948 ला पुणे-नगर मार्गावर धावली, याचा आमच्याकडे फार अभिमान.

आणि इथे, जिथे हा राष्ट्रीय सण आहे, आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या आजी बरोबर नाताळच्याच दिवशी येऊ शकत नाहीत. वर्षभर दर रविवारी बसने येतात. गेल्या वर्षी मी माझ्या गाडीतून तीन फेऱ्या करून सात जणांना आणलं, तरी दोघी राहिल्याच. त्यातल्या एकीने फोनवरून प्रार्थना ऐकली. ज्या सणासाठी बस बंद ठेवली, तो सणच काहींना घरात कोंडून घालतो. गॅरेजवाले दादा, तुमच्या वडिलांबद्दल मनापासून आदर वाटतो. पण ज्यांना ते घरी पोचवत होते तेही कुणाचे तरी वडील होते.

गॅरेजवाला
होते ना. म्हणूनच वडिलांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार मी करतोय.

बर्लिनवारी
गॅरेजवाला, पण पाळीपाळीने का होऊ नये? यंदा तुम्ही, पुढल्या वर्षी दुसरा. आमच्याकडे असंच चालतं, सणाच्या दिवसाचा पगारही जास्त असतो. ब्रायटन काही फार लांब नाही तुमच्यापासून, तिथे नाताळला मोजक्या मार्गांवर बस धावते. इंग्लंडमध्ये हे शक्य नाही असं नाही.

गॅरेजवाला
ब्रायटन माहीत आहे. तिथे मोजक्या बस आहेत, लंडनमध्ये हजारोंनी आहेत आणि त्या वेगवेगळ्या खासगी कंपन्या ठेक्यावर चालवतात. एक बस रस्त्यावर आणायची तर नुसता ड्रायव्हर पुरत नाही. गॅरेजात मेकॅनिक लागतो, कंट्रोलर लागतो, गाडी बंद पडली तर ओढायला माणूस लागतो. ही सगळी माणसं घरून गॅरेजात येणार कशी? बस तर बंद! पहाटे चारला पहिल्या ड्रायव्हरला आणायलाही गाडी लागेल.

आणि 'मोजक्या फेऱ्या, राजीखुशीने' या शब्दांवर माझा विश्वास नाही. 26 तारखेचंच पाहा. ट्यूबच्या ड्रायव्हरांना 26 चं काम आहेच. त्याचा मोबदला आणि बदली सुट्टी मिळावी म्हणून त्यांच्या संघटनेला 2010 आणि 2011 ला ऐन 26 डिसेंबरला संप करावा लागला. एकदा दिवस उघडला की तो परत बंद होत नाही. आज चार मार्ग, पाच वर्षांनी 'मागणी वाढली' म्हणून चाळीस. आज राजीखुशी, उद्या ड्युटीच्या तक्त्यात नाव.

हॅरोकर
हे मात्र खरं. रविवारची दुकानं अशीच आली होती, आधी थोडी, मग सगळी.

रातपाळी
गॅरेजवाला दादा, तुम्ही जी भीती सांगताय तिच्यात मी अकरा वर्षं राहतेय. आमच्या तक्त्यात नाव येतं, राजीखुशी कोणी विचारत नाही. मला दोन मुली आहेत. धाकटी सात वर्षांची. गेल्या वर्षी मी दार उघडलं तेव्हा ती जिन्यात बसून होती, भेटवस्तू न उघडता. आई आल्यावर उघडायच्या असं तिने ठरवलं होतं. बस असती तर मी तासभर आधी पोचले असते. माझी मागणी या तासाची आहे. तुमचा दिवस मला नको आहे.

मी काय मागते ते नीट लिहिते. मोठ्या रुग्णालयांवरून जाणारे थोडे मार्ग. सकाळी पाळी बदलताना दोन तास, संध्याकाळी दोन तास. दुपारभर गॅरेज बंद. दुपारचं जेवण तुमच्या घरी, चौघांचं.

रुळावरून
याला माझा विरोध नाही. आमच्या पोरांनाही कामाच्या जागी जायला बसच हवी असते, सध्या कंपनी व्हॅन पाठवते. पण चार मार्ग कोणते यावर उद्या भांडण होईल. दक्षिण लंडनवाले म्हणतील आमचं काय.

नगरी_लंडनकर
चर्च सकाळी दहाचं असतं, दोन तास अकरापर्यंत ओढा म्हणजे आमच्या आजीही येतील.

गॅरेजवाला
बघा, अजून बस सुटली नाही आणि एक तास वाढला. दादा, राग मानू नका, पण मी म्हणत होतो ते हेच.

रातपाळीताई, तुमच्या मुलीचं वाचलं. बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू एक सकाळ चालव, आम्ही जेवायला थांबू. मी अजून तिथे पोचलेलो नाही. माझी अट अशी. नाव द्यायचं की नाही हे ड्रायव्हर ठरवेल आणि ते ठेक्याच्या करारात लेखी असेल. नाव न देणाऱ्याला इतर ड्युट्यांत त्रास होणार नाही. नाव देणाऱ्याला बदली सुट्टी त्याच्या सणाला मिळेल, मला भाऊबीजेला, मुसलमान ड्रायव्हरला ईदला. आणि तास वाढवायचे तर पुन्हा संघटनेला विचारायचं. हे कागदावर येत नाही तोवर माझं मत नाहीच.

रातपाळी
भाऊबीजेची अट मला सगळ्यात आवडली. तुमच्या संघटनेकडे असं पत्र जाणार असेल तर आमच्या वॉर्डातल्या सह्या मी गोळा करते. निदान तीस होतील.

क्रिकलवूड
मी आजवर नुसती वाचत होते. पत्र जाईल तेव्हा जाईल, या 25 चं काय? माझ्याकडे गाडी आहे, क्रिकलवूडला राहते, सकाळी मोकळी आहे. ताई, किती वाजता सुटता?

रातपाळी
सव्वाआठला. पण बाईंना हार्लस्डेनला सोडावं लागेल, ते तुम्हाला उलट्या दिशेला पडेल.

क्रिकलवूड
त्यांना आधी सोडू. मार्बल आर्चच्या 98 च्या थांब्याशी उभी राहते, लाल गाडी आहे.