जॉर्डनचं काळं वाळवंट: वडिलांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारीत अण्णांना (वय ६८) घेऊन जॉर्डनला जायचं ठरतंय. पेट्रा, वाडी रमची माहिती ढिगानं मिळाली. पण अण्णांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि त्यांचा जीव अडकलाय सीरियाच्या सीमेकडच्या काळ्या वाळवंटात. त्यांचं म्हणणं, आपला सोलापूरचा काळा फत्तर साडेसहा कोटी वर्षांचा, झिजून त्याची ज्वारीची माती झाली. तिथला लाव्हा त्यामानानं कितीतरी अलीकडचा, वर पाऊस नाही, म्हणून दगड उघडे पडलेत.

एका टूरवाल्याला विचारलं तर म्हणाला, "तिथं काय, दगडच आहेत." अण्णा म्हणाले, "मग दगडच बघायचेत!"

त्यांच्या यादीत पहिलं उम्म अल-जिमाल, काळ्या दगडात बांधलेलं जुनं गाव. लाकूड मिळत नाही म्हणून तिथं छतालाही बेसॉल्टच्या, म्हणजे त्याच काळ्या फत्तराच्या, लांब शिळा टाकलेल्या, काही घरं तीन मजली. २०२४ साली ते जागतिक वारसा यादीत आलं, तेही दिल्लीच्या बैठकीत. मग अझराकचा काळा किल्ला, जिथं पहिल्या महायुद्धातल्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१७-१८च्या हिवाळ्यात तळ ठोकला होता. आमच्या भुईकोटाशी त्याची तुलना सुरूही झालीये. आणि शेवटचं, माझ्या काळजीचं: अल-फहदा ही लाव्हाची गुहा. लाव्ह्याचा ओघ वरून थिजतो, आतला पुढे वाहून जातो आणि पोकळ बोगदा उरतो. हा नऊशे मीटरच्या वर लांब आहे.

अण्णांचा उजवा गुडघा दुखतो. वाकून चालतील, पण रांगणं जमायचं नाही. कुणी आत गेलं असेल तर तोंडाशी किती वाकावं लागतं? थोडं आत उभं राहता आलं तरी त्यांचं समाधान होईल. तिथं साधी गाडी जाते का, की फोर बाय फोर आणि स्थानिक वाटाड्याच लागतो? उम्म अल-जिमाल आणि अझराक अम्मानहून एका दिवसात होतील, की अझराकला मुक्काम करावा?

व्हिसाचं बघितलंय: जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा पास) निघण्याआधी घेतला आणि किमान तीन रात्री राहिलं तर व्हिसाचं शुल्क माफ. तेवढं सोडून बाकी सांगा.

आणि हो, कडक भाकरी नि शेंगाचटणी अम्मानच्या विमानतळावर अडवतात का? अण्णांनी दोन किलो चटणी आधीच सांगून ठेवलीये.