अनुभव धागा: इंटिरिअर करून चार पावसाळे झाले, आता काय टिकलंय?

ओसरी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. काम संपल्यावर पहिल्या आठवड्यात सगळंच छान दिसतं. फोटो काढून होतात, पाहुणे कौतुक करतात. मला त्यानंतरचं ऐकायचं आहे: चार पावसाळे गेल्यावर काय टिकलं, काय फुगलं, कशाची रोज सोय होते आणि कशावर नुसती धूळ बसते. पुण्यात आमच्या घराचं काम लवकरच काढायचं आहे, म्हणून विचारतेय. घरसजावटीबद्दल एवढं वाचायला मिळतं, पण त्यात राहणाऱ्या माणसाचं म्हणणं फार थोडं असतं असं मला मनापासून वाटतं. घर, दवाखाना, हॉटेल, ऑफिस, काहीही चालेल. कुणा कंपनीचं नाव नको, पण सामान काय वापरलं ते जरूर लिहा.

ओट्यापाशी (ठाणे)
मी सिंकखालच्या कपाटाबद्दल लिहिते. किचनचं काम कसं झालंय ते तिथे कळतं. आमचं मॉड्युलर किचन, बाहेरचं लॅमिनेट आजही चकचकीत. सिंकखालचं दार मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात खाली घासायला लागलं. सामान काढून पाहिलं तर तळाच्या फळीची मागची कड पावासारखी फुगलेली, बोट लावलं की भुसा हातात. आत पार्टिकल बोर्ड होता. पाइपसाठी जिथे गोल कापला होता तिथे कडेला पट्टीच लावली नव्हती. पाणी तिथून शिरलं. कंपनीचं उत्तर होतं की पाण्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही. सिंकखाली पाणी येणार नाही तर कुठे येणार?

आता तेवढ्या भागात लाकूडच ठेवलं नाही. उभ्या फळ्या कडप्प्याच्या, तळाला ग्रॅनाइट, दाराला अ‍ॅल्युमिनियमची चौकट. आईच्या घरच्या कडप्प्याच्या मांडणीला इतक्या वर्षांत काही झालेलं नाही.

ओट्याची उंची ड्रॉइंगमध्ये ३६ इंच होती. मी बुटकी, सासूबाई माझ्याहून बुटक्या. मी हट्टाने ३२ करून घेतला, पोळ्या लाटताना खांदे उचलावे लागत नाहीत. उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि कोपराच्या चार-सहा इंच खाली ओटा येईल असं बघायचं. थ्री-डी चित्रात हे कळत नाही.

सहासूत (फर्निचरचं काम, पिंपरी)
ताई, तुमचं वाचून राग आला, कारण ती कडेची पट्टी म्हणजे पाच मिनिटांचं काम आहे.

वडील सुतार, मीही सुतार. साइटवर आम्ही 'सहा सूत प्लाय' म्हणतो. इंचाला आठ सूत, म्हणजे सहा सूत पाऊण इंच, १९ मिमी. गिऱ्हाईक जाडी विचारतं, ग्रेड विचारत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, त्यातही एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही तग धरणारा) असे दोन. एमआर नुसत्या दमट हवेला पुरतो, पाण्याला नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन, त्याचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून चिकटपणा तपासतात. सिंकजवळ आणि बाथरूमच्या भिंतीला लागून ७१० वापरा. बेडरूमच्या वॉर्डरोबला ३०३ बीडब्ल्यूआर भरपूर झाला. सगळ्या घराला मरीन लावायला सांगणारा तुमचे पैसे घालवतोय.

शीटवर आयएसआयचा शिक्का असतो, वर आयएस नंबर, खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना नंबर. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो नंबर टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. माल उतरतो तेव्हाच बघा. एकदा सनमायका चिकटला की आत काय आहे ते कुणालाही सांगता येत नाही.

आणि कोटेशन. वॉर्डरोबचा भाव समोरच्या चौरस फुटांवर काढतात. त्यात लॉफ्ट धरलाय का, आतलं लॅमिनेट आहे का, बिजागऱ्या आणि चॅनेल कुठल्या कंपनीचे, जीएसटी वेगळा का, हे कागदावर लिहून घ्या. निम्मी भांडणं त्यानेच मिटतात.

जांभा (सिंधुदुर्ग)
शहरातलं कपाट कोकणात चालत नाही. आमच्या जांभ्याच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल धरून असतात. भावाने मुंबईहून माणसं आणून भिंतीत बसवलेला वॉर्डरोब केला. गणपतीला घरी आला तर आतल्या साड्यांवर पांढरी बुरशी, आणि पाठीचा प्लाय हाताने सोलून निघाला. त्याच खोलीत आजोबांच्या वेळचं फणसाच्या लाकडाचं कपाट आहे. नवीन असताना म्हणे हळदीसारखं पिवळं होतं, आता गर्द तपकिरी झालंय. ते टिकलं त्यात लाकडाचा गुण आहेच, पण त्याला पाय आहेत आणि ते भिंतीपासून वीतभर पुढे आहे हेही तितकंच महत्त्वाचं. पाठीमागे वारा खेळतो. भावाने आता तसंच सुटं कपाट करून घेतलं, जिप्समचं सीलिंगही काढून टाकलं.

तांबडापांढरा (कोल्हापूर, छोटं हॉटेल)
आमची तक्रार आवाजाची. डिझायनरने खाली चकचकीत टाइल, समोर काच, वर उघडा स्लॅब काळा रंगवून दिला. दिसायला झकास. गर्दी झाली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, म्हातारी माणसं अर्ध्या जेवणातून उठायला बघायची. आवाज आपटून परत येतो, शोषणारं काहीच नाही.

उपाय घरातच सापडला. घोंगडी! दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावरची, जाड, खरबरीत. लाकडी चौकटी करून त्यावर ताणून बसवली, मागे दोन इंच पोकळी ठेवली आणि अशा चौकटी भिंतीवर डोक्याच्या उंचीला व छताला टांगल्या. पहिल्याच रविवारी फरक कळला. काळ्या-करड्या रंगात दिसतातही देखण्या, गिऱ्हाईकं कुठून आणली विचारतात. लोकर सहज पेट घेत नाही, तरी फायर एजन्सीच्या माणसाला दाखवूनच लावल्या आणि भट्टीच्या बाजूला एकही नाही. आमची इमारत २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात येते, दर जानेवारी-जुलैत बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) भरावा लागतो. हॉटेल काढणाऱ्यांनी सीलिंग ठरवायच्या आधी हे विचारून घ्यावं.

नाडीपरीक्षा (सातारा, दवाखाना)
प्रतीक्षागृहात खोल, मऊ, बुटके सोफे दिले होते. गुडघेदुखीचे रुग्ण बसले की दोघांनी हात देऊन उठवायचे. ते काढून १८ इंच उंचीच्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या सरळ खुर्च्या ठेवल्या. दारातल्या सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार केला, चढाच्या बारापट लांबी लागतेच. त्यासाठी औषधाच्या काउंटरची जागा कमी झाली, चालतंय.

पिवळापिंपळ (नागपूर)
पश्चिमेच्या भिंतीला वॉर्डरोब करू नका. मे महिन्यात आमच्या शटरवरचं लॅमिनेट कडेने सुटलं. खिडकीला बाहेरून वाळ्याच्या ताट्या लावल्या, त्याने जेवढा फरक पडला तेवढा महागड्या ब्लॅकआउट पडद्यांनी पडला नव्हता. बाहेरच ऊन अडवलं तर काच तापत नाही.

पहिलामजला (दादर)
आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा मी फरशा वाचवल्या. हिरव्या-तांबड्या नक्षीच्या सिमेंटच्या, स्वदेशीच्या काळातल्या. अशा फरशा करणारी, १९२२ मध्ये सुरू झालेली कंपनी मुंबईत आहे. या भट्टीत भाजत नाहीत, साच्यात दाबून पाण्यात मुरवतात, आणि रंगाचा थर जाड असल्याने घासून पॉलिश केली की नक्षी पुन्हा उजळते. कामगाराने छिन्नी आडवी धरून एकेक उचकटली, काही फुटल्याच. उरल्या तेवढ्यांत नव्या फ्लॅटचं देवघर आणि बाल्कनी झाली. बिल्डरच्या माणसाला तो राबिट वाटत होता. तुमच्याकडे अशा फरशा असतील तर पाडकाम सुरू व्हायच्या आधी बोला, नंतर कुणी ऐकत नाही.

ओसरी
सगळ्यांचे आभार. सहासूत दादा, जांभा यांचं वाचून एक शंका. आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे आणि तिथेच वॉर्डरोब येणार. ओल आहे की नाही हे आधी कसं ओळखायचं? वरून भिंत कोरडी दिसते.

सहासूत
ताई, जाड पारदर्शक प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर भिंतीतून ओल येतेय, बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवा दमट आहे. त्या दोन दिवसांत बाथरूम नेहमीसारखं वापरा, बंद ठेवू नका. शक्यतो पावसाळ्यात करा. आत थेंब दिसले तर आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, भिंत सुकू द्या आणि मग आम्हाला मापं घ्यायला बोलवा.