मदत हवी आहे: २०२४ च्या आवडत्या गेमांची यादी अर्धीच राहिली आहे, साध्या लॅपटॉपवर अजून काय चालेल?

खेळिया

२०२४ मध्ये आलेल्या गेमांतून स्वतःच्या आवडीचे दहा निवडायचे आहेत. पुरस्कारांची यादी नको, स्वतः खेळून ठरवलेली हवी. आत्तापर्यंत पक्के तीनच: बालात्रो, ॲनिमल वेल आणि यूएफओ ५० (यातला तिसरा अजून नीट कळलेला नाही, तरी आवडतोय). उरलेल्या जागांसाठी उमेदवार: प्रिन्स ऑफ पर्शिया द लॉस्ट क्राऊन, मेटाफर रीफँटाझिओ, ब्लॅक मिथ वुकाँग, इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, अ‍ॅस्ट्रो बॉट.

लॅपटॉप: आय५ ११३५जी७, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ५१२ जीबी एसएसडी, त्यात साधारण ६० जीबी मोकळी. खोक्यावर आयरिस एक्सई लिहिलं होतं, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडी ग्राफिक्स दिसतं.

प्रश्न:
१. वरच्यांपैकी काय चालेल, काय विसरून जावं?
२. ते यूएचडी का दिसतंय? फसवणूक झालीय का?
३. बालात्रोमध्ये (पोकरच्या हातांवर चालणारा पत्त्यांचा गेम) सहाव्या-सातव्या अँटीला (टप्प्याला) गाडी अडते. फ्लशच (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) खेळतोय, ज्युपिटर (फ्लशची पातळी वाढवणारं कार्ड) मिळेल तेव्हा घेतोय, तरी आकडा पुरत नाही. काय चुकतंय?

रॅमबाण

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

फसवणूक नाही. चिप तीच आहे. इंटेलचा ड्रायव्हर आयरिस एक्सई हे नाव रॅम दोन चॅनेलवर (साधारण दोन पट्ट्यांत विभागून) चालत असेल तरच दाखवतो. एकच ८ जीबीची पट्टी असेल तर तीच चिप यूएचडी म्हणून दिसते. आणि फरक नुसता नावाचा नाही. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, सगळं रॅममधून ओढावं लागतं. एका चॅनेलवर तो रस्ता निम्म्याने अरुंद होतो. वर त्या ८ जीबीतच विंडोज, ब्राउझर आणि गेम तिघांना राहायचं असतं.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि उजवीकडे खाली दोन ओळी बघा. स्लॉट्स यूज्डसमोर १ ऑफ २ असेल तर एक जागा रिकामी आहे. फॉर्म फॅक्टरसमोर एसओडीआयएमएम असेल तर पट्टी काढता-घालता येते. रो ऑफ चिप्स असेल तर रॅम बोर्डावरच डाखलेली आहे. काही मॉडेलांत थोडी डाखलेली आणि एक जागा मोकळी असंही असतं.

जागा असेल तर डीडीआर४ ३२०० ची ८ जीबीची लॅपटॉपची पट्टी घ्या. डेस्कटॉपची लांब असते, बसत नाही. बसवताना आधी चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर बॅटरीची वायर सोडवा, मग पट्टी तिरकी घालून खाच जुळवा आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करेपर्यंत खाली दाबा. अर्धवट बसलेली पट्टी हे लॅपटॉप चालू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, घाबरून बटण दाबून बंद करू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.

आता यादी.

अ‍ॅस्ट्रो बॉट फक्त पीएस५ वर आहे, विषय संपला. इंडियाना जोन्सला रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) करणारं कार्ड सक्तीचं आहे, किमान आरटीएक्स २०६० सुपर आणि १६ जीबी रॅम. सेटिंग कितीही खाली आणलं तरी ही अट सुटत नाही. वुकाँगला किमान जीटीएक्स १०६० आणि १३० जीबी जागा लागते, म्हणजे जागेपाशीच अडलं. मेटाफरची मागणी जीटीएक्स ९७० पासून सुरू होते. त्याचा सुरुवातीचा भाग मोफत डेमो म्हणून मिळतो आणि डेमोतलं सेव्ह पूर्ण गेममध्ये पुढे नेता येतं, तेव्हा रॅम वाढवल्यावर बघायचं तर डेमोच बघा. माझ्या मते तुमच्या मशीनवर त्याची मजा जाईल.

उरतो प्रिन्स ऑफ पर्शिया. ३० जीबी जागा, किमान जीटीएक्स ९५०. दोन पट्ट्या असतील तर ७२०पी आणि लो सेटिंगवर करून बघण्यासारखा आहे. स्टीमवर घेतला तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास भरायच्या आत पैसे परत मागता येतात. म्हणून पहिला अर्धा तास फक्त सेटिंग जुळवण्यात घाला, कथेत रमू नका. मेनूमधला वेळही त्या दोन तासांत धरला जातो.

पत्तेपिसाट

तिसरा प्रश्न माझा.

ज्युपिटर चांगला, पण एकट्या ज्युपिटरवर आठवा अँटी निघत नाही. आकडे मांडून बघा. पहिल्या पातळीचा फ्लश म्हणजे ३५ चिप्स आणि ४ मल्ट (गुणक); दोन्हींचा गुणाकार म्हणजे गुण. हातात एक्का, राजा, नव्वी, सत्ती, चौकी असेल तर पत्त्यांचे ११+१०+९+७+४ म्हणजे ४१. एकूण ७६ गुणिले ४ म्हणजे ३०४. पहिल्या स्मॉल ब्लाइंडचे (अँटीतली पहिली फेरी) ३०० एका हातात निघाले, म्हणून फ्लश सुरुवातीला राजा वाटतो.

दर ज्युपिटरला १५ चिप्स आणि २ मल्ट वाढतात. चार ज्युपिटर घेऊन पाचव्या पातळीला पोचलात तर ९५ चिप्स आणि १२ मल्ट. तेच पाच पत्ते: १३६ गुणिले १२ म्हणजे १,६३२. आणि व्हाइट स्टेकवर (सगळ्यात सोपी पातळी) आठव्या अँटीच्या साध्या बॉसला (अँटीतली शेवटची फेरी) १,००,००० लागतात, हात चार. म्हणजे हाताला सरासरी २५,०००. कुठे १,६३२ आणि कुठे २५,०००!

ही दरी जोकर (गुणांत भर घालणारी खास कार्डं) भरतात, आणि त्यातही गुणणारे. तोच पाचव्या पातळीचा फ्लश धरा. जोकरांनी मिळून +३० मल्ट दिलं की १२ चे ४२ झाले. पुढे एक ×३ आणि एक ×२ जोकर: २५२. १३६ गुणिले २५२ म्हणजे ३४,२७२. तीन हातांत १,०२,८१६, एक हात शिल्लक. पाच जागांपैकी दोन तरी गुणणाऱ्या जोकरांना द्यायच्या, त्या सहाव्या अँटीच्या आत.

दुसरं, क्रम. जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात. मल्ट ४ असताना डावीकडे +१५ आणि उजवीकडे ×३ ठेवला तर १९ गुणिले ३, म्हणजे ५७. उलट ठेवला तर १२ अधिक १५, म्हणजे २७. पत्ते तेच, जोकर तेच, गुण निम्म्याहून कमी. दुकानातून घेतलेला जोकर आपोआप उजव्या टोकाला जाऊन बसतो, त्यामुळे अधिक वाला जोकर नंतर घेतला की ओळ बिघडते. प्रत्येक खरेदीनंतर माउसने ओढून जागा लावा. ब्लूप्रिंट असेल तर तो आपल्या उजवीकडच्याची नक्कल करतो, म्हणून त्याला गुणणाऱ्याच्या लगेच डावीकडे ठेवा.

तिसरं, पैसे. फेरी संपताना दर ५ डॉलरला १ डॉलर व्याज, कमाल ५. म्हणजे २५ डॉलर हातात राखले की दर फेरीला ५ फुकट. सीड मनी व्हाउचर घेतलं तर ही मर्यादा १० होते, मग ५० राखायचे.

उंबरठा

पत्तेपिसाट यांच्या हिशेबाला हरकत नाही, पण २५ डॉलरचा मंत्र नवख्यांना बुडवतो. पहिल्या अँटीत पैसे साठवत बसायचं नाही. सुरुवातीला ४ डॉलर असतात; पहिल्या दोन दुकानांत मल्ट देणारा एखादा जोकर दिसला की घ्यायचा, व्याज गेलं तरी चालेल. २५ चा पल्ला दुसऱ्या-तिसऱ्या अँटीत गाठला तरी खूप झालं. आणि पाचव्यानंतर उलट: पन्नास-साठ डॉलर पडून असताना लोक रीरोल (दुकानातला माल बदलून घेणं) करत नाहीत. रीरोल ५ डॉलरपासून सुरू होतो आणि त्याच दुकानात दर वेळी १ ने वाढतो. २५ च्या वरचं सगळं गुणणारा जोकर शोधण्यावर उडवा.

ब्लाइंड (फेरी) स्किप करू नका. टॅग (छोटं बक्षीस) मिळतो, पण त्या फेरीचे पैसे आणि दुकान दोन्ही जातं.

अजून एक. फक्त फ्लशवर विसंबणाऱ्याला काही बॉस हमखास अडवतात. द आय एकच हात-प्रकार दुसऱ्यांदा खेळू देत नाही. द हेड बदाम निकामी करतो. फ्लश मोजला जातो, पण त्या पत्त्यांचे चिप्स मिळत नाहीत. द नीडल एकच हात देतो. बॉस कोण हे अँटीच्या सुरुवातीलाच दिसतं, ते वाचून मगच खरेदी करा. द आय समोर असेल तर फ्लश, दोन जोड्या, तिकडी असे वेगवेगळे हात तयार ठेवावे लागतात. तिथे कुठल्याही हाताला लागू पडणारे जोकर वाचवतात, फक्त फ्लशला मल्ट देणारे दुसऱ्या हातापासून झोपतात.

खेळिया

मनापासून धन्यवाद, तिघांनाही. टास्क मॅनेजरमध्ये १ ऑफ २ आणि एसओडीआयएमएम दिसतंय, म्हणजे पट्टी घेता येईल. जोकरांचा क्रम कधी लावलाच नव्हता.

दोन उपप्रश्न. यूएफओ ५० मध्ये पहिलाच गेम बार्बूटा पुढे सरकत नाही, तो पूर्ण केल्याशिवाय बाकीचे खेळण्यात अर्थ आहे का? आणि प्रिन्स घेतला तर कंट्रोलर लागेलच का?

घुबड

बार्बूटा सोडा आणि पुढे जा. पन्नासच्या पन्नास गेम सुरुवातीपासून उघडे असतात. १९८० च्या दशकातल्या एका काल्पनिक कंपनीचे म्हणून ते कालक्रमाने लावलेत, आणि बार्बूटा सगळ्यात जुना म्हणून मुद्दाम संथ आणि निर्दय आहे. यादीच्या दारातच त्याला बसवणं ही निर्मात्यांची खोडी आहे, अनेकजण तिथूनच परत फिरतात.

पार्टी हाऊसपासून सुरू करा. २५ दिवस, आणि एकाच पार्टीत चार स्टार पाहुणे जमवायचे. पाहुण्यांचा गठ्ठा बांधायचा असल्याने बालात्रो आवडणाऱ्याला लगेच जमतो. चूक एकच होते: लोकप्रिय पण दंगेखोर पाहुणे भारंभार घेतले जातात, मग पोलीस येऊन पार्टी बंद करतात. त्यानंतर मॉर्टॉल. त्यात २० जीव मिळतात आणि ते वाचवायचे नसतात, खर्चायचे असतात. मेलेल्या गड्याची पायरी करून पुढचा चढतो. जीव जपून खेळणारा तिथे अडकतो.

प्रिन्सला कंट्रोलर सक्तीचा नाही, पण हवाच म्हणेन. शत्रूच्या हल्ल्याला पिवळी चमक दिसली की परतवता येतो आणि मोठा पलटवार मिळतो. लाल चमक असेल तर परतवता येत नाही, बाजूला सरकायचं. हे सगळं क्षणात होतं. त्यामुळे फ्रेम वर-खाली होण्यापेक्षा सेकंदाला ३० वर बांधलेल्या बऱ्या. ११३५जी७ मध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच वीजमर्यादेत भागवतात, फ्रेम मोकळ्या सोडल्या की लॅपटॉप तापून दहा-पंधरा मिनिटांनी वेग पडतो. चार्जर लावूनच खेळा, विंडोजचा पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर ठेवा आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका. अडलेल्या जागेचा फोटो नकाशावर टाचून ठेवायची सोय आहे, ती पहिल्यापासून वापरा. नवी शक्ती मिळाल्यावर कुठे परतायचं ते शोधत बसावं लागत नाही.

ॲनिमल वेल यादीत आहे हे उत्तम. श्रेयनामावली आली म्हणजे संपला असं समजू नका, ६४ अंडी शोधायची आहेत.

खेळिया

पार्टी हाऊस लागला, आता बंद होत नाहीये. पट्टी मागवली आहे.

बालात्रोत क्रम लावून आणि रीरोल करून आठव्या बॉसपर्यंत पोचलो. पण तिथे व्हर्डंट लीफ आला आणि सगळे पत्ते निकामी. यावर तोड काय?

पत्तेपिसाट

एक जोकर विकला की सगळे पत्ते त्याच क्षणी पूर्ववत होतात. पहिला हात खेळायच्या आधीच विका, निकामी पत्त्यांवर हात वाया घालवू नका. आठव्या अँटीच्या सुरुवातीलाच तो बॉस दिसतो, तेव्हा पाचवी जागा एखाद्या स्वस्त जोकरला देऊन ठेवायची. नुसता +४ मल्टवाला साधा जोकरसुद्धा पुरे. पाचही जागी महत्त्वाचे जोकर असतील तर गुणणाऱ्यांना हात लावू नका, अधिक चिप्स देणारा विका. आणि ब्लूप्रिंट ज्याची नक्कल करतोय तोच चुकून विकला जाणार नाही ना, ते बटण दाबण्याआधी बघा.