५८ वर्षांच्या टायसनवरचा विजय मोजायचा कसा?

विजापूरवेसकर:
शनिवारी, १६ नोव्हेंबर २०२४ ला सकाळी आमच्या घरी सात-आठ जणांनी मिळून यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल विरुद्ध माजी हेवीवेट विश्वविजेता माईक टायसन ही लढत बघितली. बाहेर प्रचाराच्या रिक्षा, आत नेटफ्लिक्स मध्येच अडकायचं. लढत संपली तेव्हा खोलीत एकानेही टाळी वाजवली नाही. तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे.

पॉल २७ वर्षांचा, टायसन ५८ चा. आठ राउंड झाले आणि तिन्ही पंचांनी पॉलला विजयी केलं: ८०-७२, ७९-७३, ७९-७३. राउंड जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९, असा हिशेब असतो. म्हणजे एका पंचाने आठही राउंड पॉलला दिले, बाकी दोघांनी सात. पंचांचं काही चुकलं नाही, माझा हिशेबही तोच होता.

पण ही लढत टेक्सासमध्ये रीतसर व्यावसायिक म्हणून मंजूर झाली आणि पॉलच्या खात्यावर अकरावा विजय जमा झाला. आपल्याकडे यात्रेच्या फडात जोड लावताना वय, वजन, तयारी बघतात. बेजोड कुस्ती लागली की माणसं जागेवर उठून ओरडतात. माझं मत स्पष्ट आहे. विजय लिहायचा तर लिहा, पण पॉल किती पाण्यात आहे ते यावरून ठरवू नका.

कोर्टाजवळचा:
मालक, दोघांनी राजीखुशीने सह्या केल्या, दोघांनी पैसे घेतले. टायसन काय लहान पोर आहे? समोरच्याचं वय बघून विजयाची किंमत उतरवायची म्हटलं तर बॉक्सिंगचा निम्मा इतिहास पुसावा लागेल. १९५१ साली रॉकी मार्सियानोने ३७ वर्षांच्या माजी विश्वविजेत्या जो लुईला आठव्या राउंडमध्ये दोरांबाहेर पाडलं. मार्सियानोच्या ४९ विजयांतून ती लढत कुणी वजा करतं का?

आणि वय झालं म्हणजे हरणारच, हे कुणी ठरवलं? १९९४ मध्ये जॉर्ज फोरमन ४५ वर्षांचा होता. २६ वर्षांचा विश्वविजेता मायकेल मूरर गुणांवर पुढे होता, आणि दहाव्या राउंडमध्ये फोरमनने त्याला आडवा केला. तेव्हा मूरर जिंकला असता तर तुम्ही हेच म्हणाला असता, की म्हाताऱ्याला हरवलं, त्यात काय मोठं!

विजापूरवेसकर:
नसतं म्हटलं. फोरमन १९८७ पासून परत लढत होता. १९९१ मध्ये तेव्हाच्या विश्वविजेत्या होलीफिल्डपुढे पूर्ण बारा राउंड टिकला होता. टायसनची याआधीची अधिकृत लढत २००५ मधली, तीही हरलेली. मधे १९ वर्षं गेली. मला वय नाही खटकत, हा खंड खटकतो.

मार्सियानोबद्दल बोलायचं तर लुईला पाडल्यावर तो रडला होता. त्याची खरी ओळख पुढच्या वर्षी पटली, विश्वविजेत्या वॉलकॉटविरुद्ध. तिन्ही पंचांच्या कार्डांवर मागे असताना तेराव्या राउंडमध्ये एकाच ठोशात त्याने किताब घेतला.

पार्कवरचा सर:
मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, हातमोजे १४ औंसचे होते आणि राउंड दोन मिनिटांचे. हेवीवेट पुरुषांच्या व्यावसायिक लढतीत एरवी १० औंस आणि तीन मिनिटं असतात. टायसनला झेपणार नाही हे ठरवणाऱ्यांना आधीच कळलं होतं, त्याशिवाय नियम सैल केले नसते. दोन, आकडे बघा. टायसनने अख्ख्या लढतीत ९७ ठोसे मारले, लागले १८. पॉलचे ७८ लागले. दुसऱ्या राउंडनंतर टायसनचे पाय जागचे हलेनात, आणि पाय थांबले की खांदाही ठोशामागे येत नाही.

पण पॉलला शिव्या घालणं मला पटत नाही. त्याने हात आखडता घेतला हे दिसत होतं. शेवटची घंटा व्हायच्या आधी त्याने टायसनला वाकून नमस्कार केला. तो जोर लावून सुटला असता तर आज आपण वेगळंच काहीतरी बोलत बसलो असतो.

रेखा, अक्कलकोट रोड:
सरांशी मी सहमत आहे, त्याचं कारण घरचं आहे. माझे चुलते दक्षिण सोलापुरातले नावाजलेले पैलवान. कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी गावच्या यात्रेत लोकांनी हट्ट धरला म्हणून चाळिशी उलटल्यावर लांग बांधली. समोर विशीतलं पोरगं. दोन मिनिटांत चितपट. त्या पोराने काकांच्या पायाला हात लावला, स्वतःला बांधलेला फेटा काकांच्या डोक्यावर ठेवला. तरीही गाव त्याला कितीतरी वर्षं टोचून बोलायचं, म्हाताऱ्याला पाडलंस म्हणून. त्याची काय चूक होती? जोड तर पंचकमिटीने लावली होती! काका स्वतः त्याच्या लग्नाला गेले, पण गावाने तोंड आवरलं नाही.

हेवीवेट विश्वविजेत्या लॅरी होम्सचंही असंच झालं. १९८० मध्ये ३८ वर्षांचा मुहम्मद अली त्याच्यापुढे आला, दोन वर्षं रिंगबाहेर राहून, थायरॉइडच्या गोळ्या खाऊन. होम्स एकेकाळचा अलीचा सरावातला जोडीदार. दहा राउंड झाले, दहाही होम्सचे, आणि अलीच्या कोपऱ्यातून त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. होम्स नंतर रडला. तरी लोकांनी त्याला मनापासून आपला मानलं नाही.

कोर्टाजवळचा:
रेखाताई, हेच तर मी म्हणतोय. आणि विजापूरवेसकर अण्णा, आता पुढचं ऐका. त्याच होम्सला १९८८ मध्ये कुणी पाडलं? टायसनने! होम्स ३८ चा, जवळपास दोन वर्षं न लढलेला, आणि टायसन २१ चा. चौथ्या राउंडमध्ये खेळ खलास. ती लढत आपण आजही एकमेकांना कौतुकाने दाखवतो. तेव्हा खंड मोजला नाही, मग आता का मोजायचा?

विजापूरवेसकर:
हे मला लागलं. खरंच लागलं. ती लढत मी स्वतः शंभर वेळा बघितली असेल, आणि होम्सचं वय एकदाही मनात आलं नाही. माप एकच पाहिजे, त्यामुळे टायसनचा तो विजयही मी आता त्याच्या मोठ्या विजयांत धरणार नाही. त्याचा मोठा विजय १९८६ मधला, तेव्हाच्या विश्वविजेत्या ट्रेवर बर्बिकवरचा. गंमत बघा, अलीला शेवटच्या लढतीत, १९८१ मध्ये बहामाजमधल्या नसाऊ शहरात हरवलं तेही बर्बिकनेच, आणि त्या विजयासाठी बर्बिकला कुणी थोर म्हणत नाही.

पण दोन वर्षं आणि १९ वर्षं सारखी नाहीत. त्यात ही लढत आधी २० जुलैला होती, ती टायसनच्या आजारपणामुळे पुढे गेली. जूनमध्ये आपण मरता मरता वाचलो, आठ वेळा रक्त चढवावं लागलं, हे त्याने लढतीनंतर स्वतः लिहिलंय. अशा माणसाला पाच महिन्यांत रिंगमध्ये उभं करायला हो कोण म्हणालं?

पार्कवरचा सर:
तिथेच बोट ठेवा. हौशी बॉक्सिंगमध्ये चाळिशीनंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही. मेरी कोम टोकियो ऑलिंपिकमध्ये ३८ ची होती, कोलंबियाच्या व्हॅलेन्सियाकडून ३-२ ने हरली. पाचातल्या दोन पंचांनी मेरीला कौल दिला होता. तो व्हॅलेन्सियाचा विजय मी कुणालाही छातीठोकपणे मोठा म्हणेन, कारण मेरी त्या दिवशी लढायच्या तयारीत होती.

सोमवारी माझ्याकडच्या एका बारा वर्षांच्या पोराने विचारलं, सर, टायसन एवढाच होता का? मी सराव थांबवून त्याला मोबाईलवर बर्बिकची लढत दाखवली. दुसरा राउंड संपायच्या आत बर्बिक उठायला जातो आणि परत पडतो, ते त्याने तीनदा मागे नेऊन बघितलं.

कोर्टाजवळचा:
मंजुरी देणाऱ्यांना दोष द्या, त्यात मी तुमच्यासोबत आहे. पण पॉलच्या अकरामधला एकही विजय मी खोडू देणार नाही. रेखाताईंच्या गावातल्या त्या पोराचाही नाही.

रेखा, अक्कलकोट रोड:
तो पोरगा आता पन्नाशीचा आहे. काकांचा फोटो त्याच्या दुकानात लावलेला आहे.