‘शब्बोस’ हा अपभ्रंश नव्हे

ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला हिब्रूत ‘शबात’ म्हणतात. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू, त्याला ‘शब्बोस’ म्हणतात तो यिडिश या त्यांच्या जर्मनसारख्या भाषेमुळे झालेला अपभ्रंश, असं एक मत आहे. ते मला पटत नाही. सगळी मेख शब्दाच्या शेवटच्या ‘ताव’ या हिब्रू अक्षराच्या पोटातल्या ठिपक्यात आहे. ठिपका असला की ‘त’. नसला की जुन्या तिबेरियन (मध्ययुगात तिबेरियास शहरात नोंदल्या गेलेल्या) हिब्रू उच्चारपरंपरेत उच्चार वेगळा, इंग्रजी ‘थिंक’मधल्या ‘थ’सारखा. तो येमेनी ज्यूंनी आजही जपलाय, ते ‘शब्बोथ’ म्हणतात. अश्केनाझींकडे त्याचा ‘स’ झाला. ठिपक्याचा भेद पुसला तो उलट ‘शबात’ म्हणणाऱ्या आजच्या इस्रायली बोलीने! आपण ‘चाक’ आणि ‘चहा’ एकाच ‘च’ने लिहितो, तरी उच्चारात गल्लत करत नाही. हिब्रूत तर ठिपकाही आहे.

आणि येमेनी ज्यूंचं हिब्रू पठण जरूर ऐका. ‘अयिन’ आणि ‘खेत’ या अक्षरांचे उच्चार घशातून इतके स्वच्छ येतात की लिपीत त्यांना वेगळी अक्षरं का, ते कानालाच कळतं.