मदत हवी आहे: लहान सरकारी शाळेसाठी कायम निधी उभारावा, की जमेल तसा पैसा खर्चावा?

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

आमची शाळा सरकारी आहे आणि लहान आहे. लहान म्हणजे इतकी की पट थोडा खाली आला की विलीनीकरणाची कुजबूज सुरू होते. माजी विद्यार्थी आणि पालक यांचा आमचा एक गट आहे, आणि हिशेबाची वही माझ्याकडे आहे.

मागे छत गळत होतं तेव्हा आम्ही वर्गणी काढली. फोटो टाकले, लोकांनी भरभरून दिलं, छत झालं. तिथवर सगळं सोपं होतं, कारण गळकं छत दाखवता येतं. पुढचं अवघड आहे. वीजबिल, बंद पडलेल्या संगणकाची दुरुस्ती, वाचनालयात दर वर्षी थोडी नवी पुस्तकं, सहलीचे पैसे भरू न शकणारी चार मुलं, यांतल्या कशाचाच फोटो निघत नाही. आणि शाळा चालते ती यावरच. सरकारकडून पगार आणि पुस्तकं येतात, पण मधल्या फटी तशाच राहतात.

आता गटात दोन तट पडले आहेत. एका बाजूचं म्हणणं, दर वेळी झोळी घेऊन फिरण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम उभी करू, मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर शाळेचा वरखर्च चालवायचा. दुसरी बाजू म्हणते, आज चौथीत असलेलं मूल व्याज साठेपर्यंत थांबणार आहे का? मला दोघांचंही पटतं, हीच माझी अडचण.

तेव्हा जाणकारांना विचारायचं ते असं. व्याजावर चालणारा निधी लहान गटाला खरंच झेपतो का? पैसे शाळेच्या खात्यात ठेवावेत की वेगळी संस्था करावी? आम्ही फटी बुजवत राहिलो तर सरकार निवांत होईल, ही भीती कितपत खरी? आणि सगळ्यात नाजूक, म्हणून शेवटी: शाळाच बंद झाली तर त्या ‘कायम’ निधीचं काय?

छतासाठी देणारे पुन्हा दर वर्षी कसे देतील, यावरही अनुभव असतील तर लिहा. ‘पोरांसाठी काय पण’ म्हणणारे फोन उचलत नाहीत, हे आम्हाला नवीन नाही.

हिशेबनीस

आधी आकडे बघू. व्याज सगळं खर्चायचं आणि मूळ रक्कम तशीच ठेवायची, यात मूळ रक्कम कागदावर तशीच दिसते, पण आतून झिजते. महागाई 6 टक्के धरली तर साधारण 12 वर्षांत त्या रकमेची खरेदीची ताकद निम्मी होते. म्हणून मुरलेले विश्वस्त व्याज किती आलं ते बघत नाहीत, निधीच्या साधारण 4 टक्केच दर वर्षी काढतात, उरलेलं मूळ रकमेत परत टाकतात. ते 4 टक्केही एका वर्षाच्या शिल्लकेवर न काढता मागच्या 3 वर्षांच्या सरासरीवर काढतात, म्हणजे एखादं वाईट वर्ष आलं तरी शाळेला झटका बसत नाही.

याचा उलटा अर्थ असा की वर्षाला जेवढा खर्च भागवायचा त्याच्या 25 पट रक्कम हातात हवी. तेवढी जमण्यासारखी आहे का, हे बैठकीत फळ्यावर मांडा. बहुतेक तटबंदी तिथेच संपते.

जमण्यासारखी नसेल तर कायम निधी हे नाव देऊ नका. आधी एका वर्षाच्या खर्चाएवढी गंगाजळी करा. लहान गटाला खरी गरज तिचीच असते. ती झाल्यावर जी मोठी, एकरकमी देणगी येईल, कुणाच्या स्मरणार्थ किंवा मृत्युपत्रातून, ती वेगळ्या कप्प्यात टाका आणि तो कप्पा हळूहळू वाढू द्या. दर महिन्याची वर्गणी मात्र खर्चासाठीच.

जुना_मास्तर

शाळेच्या खात्यात ठेवू नका. अविश्वास म्हणून नव्हे. मुख्याध्यापकांची बदली होते, नवे येईपर्यंत सह्या अडकतात, आणि शाळेच्या खात्यातला पैसा सरकारी नियमांनी बांधला जातो. गटाची नोंदणी करा, दोन सह्या ठेवा, त्या एकाच घरातल्या नकोत. कामाचं कंत्राट गटातल्याच कुणाच्या भावाला द्यायची वेळ आली तर त्याने बैठकीतून उठून बाहेर बसायचं, एवढं तरी लिहून ठेवा.

आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय काही आणू नका. मी नोकरीत असताना देणग्यांच्या वस्तूंनी एक खोली भरली होती, खडू मात्र खिशातून आणत होतो. वस्तू देणारे पुष्कळ भेटतात, ती वस्तू सांभाळायला पैसे देणारा विरळा.

वाचनवेडी

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांवर एक जुना दाखला देते. लांबचा आहे, पण नेमका लागू पडतो.

अमेरिकेत सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या बड्या कंपनीचे प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्याने 1912 पासून दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी लहान शाळा बांधायला मदत सुरू केली. 1932 पर्यंत अशा सुमारे 5 हजार शाळा उभ्या राहिल्या. गंमत पैशाच्या वाटणीत आहे. एकूण खर्चात रोझेनवाल्ड यांच्या निधीचा वाटा साधारण 15 टक्के होता. स्थानिक कृष्णवर्णीयांनी स्वतः त्याहून थोडं जास्तच दिलं, कुणी जमीन, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत. आणि जवळजवळ दोन तृतीयांश पैसा सरकारी करांतून आला, कारण अटच तशी होती: स्थानिक लोक आणि सरकार दोघांनी हात लावला तरच निधीचे पैसे मिळणार, आणि शाळा सरकारी व्यवस्थेचाच भाग राहणार. म्हणजे देणगीने सरकारला मोकळं सोडलं नाही, खेचून आणलं. तुम्हीही काही खर्च ‘तुम्ही इतकं द्या, मग आम्ही इतकं घालतो’ असे लेखी ठेवू शकता.

याची काळी बाजूही सांगायला हवी. ही कृष्णवर्णीय माणसं कर भरतच होती. त्या करातला त्यांच्या मुलांचा हक्काचा वाटा त्यांना मिळत नव्हता, म्हणून तर पुन्हा वर्गणी द्यावी लागली. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे. तुमची भीती खरी आहे ती इथे. त्यामुळे सरकारकडची मागणी थांबवू नका. दुरुस्तीचा अर्ज दिला असेल तर वर्गणी जमली म्हणून तो मागे घेऊ नका.

दुसरं म्हणजे रोझेनवाल्ड हा माणूस कायमच्या निधीच्या ठाम विरोधात होता. पुढच्या पिढीच्या गरजा आज बसून ठरवू नयेत, असं त्याचं मत. आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षांच्या आत सगळी रक्कम संपवा, असं त्याने बजावलं. तो 1932 मध्ये गेला आणि निधी 1948 मध्येच पूर्ण खर्च होऊन बंद झाला. पुढे 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, आणि काळाच्या ओघात त्यातल्या बहुतेक इमारतींमधली शाळा उठली. पैसा त्या भिंतींच्या नावाने कायमचा अडकवला असता तर?

धागाकर्ता

वाचनवेडी, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडे आज बराच वेळ फोन चालले. मग निधी शाळेच्या नावाने करायचाच नाही का? पण देणारा शाळेकडे बघून देतो. ‘परिसरातील मुलांच्या शिक्षणासाठी’ म्हटलं की निम्म्या लोकांचा ओलावा आटतो.

हिशेबनीस

नाव शाळेचं राहू द्या, हेतू मुलांचा लिहा. नियमावलीत एक कलम पुरतं. मसुदा असा:

‘निधीचा विनियोग सदर शाळेतील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी करण्यात येईल. शाळा बंद झाल्यास, स्थलांतरित झाल्यास अथवा अन्य शाळेत विलीन झाल्यास, शिल्लक रक्कम त्या विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतलेल्या सरकारी शाळेत त्यांच्या शिक्षणासाठी व प्रवासासाठी वापरण्यात येईल. ही रक्कम सभासदांत वाटता येणार नाही.’

शेवटचं वाक्य विसरू नका. शाळा विलीन झाली की मुलांचं अंतर वाढतं आणि मुली आधी गळतात, म्हणून प्रवास मुद्दाम घातला आहे. नोंदणीआधी वकिलाच्या नजरेखालून घाला.

थोडं_थोडं

पुन्हा देण्याबद्दल. भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवा, रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला. रयत शिक्षण संस्था 1919 ची, आणि तिच्या वसतिगृहांना अशा मुठींचा मोठा आधार होता. देणाऱ्याला ती जड जात नाही आणि रोज आठवण राहते. आज त्याचं रूप म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप जाणारी छोटी रक्कम. छतासाठी ज्यांनी दिलं त्यांच्याकडे लगेच पुन्हा मागू नका. आधी त्या पैशाचं काय झालं ते कळवा, मुलांनी लिहिलेलं चार ओळींचं पत्र पाठवा, आणि त्या पत्रात काहीही मागू नका. मागणं पुढच्या पत्रात.

देणगीदारांची यादी लावताना मोठ्या रकमेपासून खाली लावू नका, आडनावाच्या अक्षरांनी लावा. खालच्या टोकाला नाव आलेला माणूस पुढच्या वर्षी देत नाही, आणि तोच वीस वर्षं देणारा असू शकतो. मुलांचे चेहरे दाखवून पैसे मागणं तर मला मुळीच आवडत नाही. ‘गरीब’ म्हणून ज्याचा फोटो फिरला ते मूल उद्या त्याच वर्गात बसतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. 25 पटीचं गणित गटात टाकलं, दोन्ही तट जरा गप्प झाले आहेत. गंगाजळी आधी, मोठा कप्पा नंतर, आणि ते कलम, एवढं बैठकीपुढे ठेवतो.

एक राहिलंच. एक माजी विद्यार्थी मोठी रक्कम द्यायला तयार आहेत, पण वाचनालयाला वडिलांचं नाव कायमचं हवं म्हणतात. शाळेची इमारत सरकारची. हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी.

जुना_मास्तर

तुम्ही हो म्हणूच शकत नाही, इमारत तुमची नाही. आधी वरच्या कार्यालयाची लेखी परवानगी, आणि नाव ‘कायमचं’ नव्हे, 10 वर्षांसाठी, पुढे नूतनीकरणाने. तोवर त्यांना सांगा की वडिलांच्या नावाने दर वर्षी पुस्तकं घेऊ आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांच्या नावाचा शिक्का मारू. त्यासाठी परवानगी शिक्षकांची पुरते. बहुतेक जण तेवढ्यावर खूष होतात. नाही झाले तर ती देणगी घेऊ नका.